शेवटची रिकामी पायली

ट्रान्सफॉर्मरच्या आवाजाला आमच्या घरात कुणी आवाज म्हणत नसे. घाटंजीहून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर विजेचं सबस्टेशन होतं, त्याच्या तारेच्या कुंपणाला लागून ऑपरेटरचं क्वार्टर, आणि त्यात आम्ही चौघं राहायचो: ऑपरेटर म्हणजे आमचे बाबा, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ गजू. दिवसरात्र एक जाड घूं चालू असायची. ती भिंतीतून यायची, खाटेच्या लोखंडी पायांतून यायची, माठावरच्या पितळी झाकणातून यायची. हात ठेवला की झाकण गप्प, हात काढला की पुन्हा सुरू. पाहुण्यांना आमच्याकडे झोप लागत नसे आणि आम्हाला दुसरीकडे. लाइन गेली की घूं थांबायची. आई परातीतल्या भाकरीवरचा हात तसाच ठेवून वर बघायची आणि बाबा बनियनवरच पॅनेलकडे धावायचे. शांततेत मन रमतं असं मी पुढे पुस्तकांत पुष्कळ वाचलं. माझं अजूनही रमत नाही. एकदम शांत झालं की काहीतरी बंद पडलंय असं वाटतं, आणि मग कुणी धावत का नाही, असंही वाटतं.

गजू सायन्सला गेला तो एका सत्कारामुळे. दहावीत तो ग्रेसच्या मार्कांवर निघाला होता, पण निघाला, आणि बाबांनी सबस्टेशनच्या आवारात मांडव घातला. प्रमुख पाहुणे म्हणून ज्युनिअर इंजिनिअर साहेब आले. ते उशिरा आले आणि त्याची भरपाई लांब भाषणाने केली. शेवटी शेजारच्या शाळेतून मागून आणलेल्या खुर्चीकडे बोट दाखवून ते म्हणाले की हा मुलगा एक दिवस या खुर्चीवर बसेल. साहेब तेवढं बोलून जीपमध्ये बसले आणि बहुधा वळणावरच विसरले. बाबांनी मात्र तो सरकारी आदेश समजून गजूचं नाव अकरावी सायन्सला घातलं. शाल ट्रंकेत गेली. नारळाची आईने दुसऱ्या दिवशी चटणी केली, आणि त्या साऱ्या समारंभातून कामाचं म्हणता येईल असं तेवढंच निघालं.

बारावीत गजू बाकी विषयांत कसाबसा पास झाला आणि गणितात पडला. ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला बसायचं ठरलं. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला आंबाडीची भाजी होती, वरून लसणाची फोडणी घातलेली, आणि ज्वारीच्या भाकरी.

"ऑक्टोबरात निघाला तं ठीक," बाबा म्हणाले. "नाही निघाला तं गजू जाईन आक्काकडे. तिच्या मागं त्या वावराले पाहणारं कोणी नाही. करीन कास्तकारी."

आई भाकर मोडत होती. "तिकडे नाही धाडाचं त्याले."

"काहून? लहानपणी राह्यलाच ना तिच्यापाशी."

"म्हणूनच."

"म्हणूनच म्हणजे काय?"

"भाजी घ्या," आई म्हणाली.

आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमची आत्या. झरी जामणीकडे, सागवानाच्या जंगलाला टेकलेल्या एका गावात ती एकटी राहायची. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, कोरडवाहू शेत तेवढं होतं. गजूच्या वेळेला आई फार दिवस अंथरुणाला होती. मी शाळेत जात होते म्हणून मला घरी ठेवलं आणि गजू तान्ह्याचा चालता झाला तसा आत्याकडे गेला. शाळेत घालायच्या वयाला तो परत आला तो कमी बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लोक म्हणायचे, किती गुणी पोरगं आहे. बोलत नसलेल्या पोराला लोक गुणी म्हणतात.

मी तेव्हा नुकतीच गणित घेऊन बीएस्सी झाले होते आणि बी.एड.च्या प्रवेशाची वाट बघत घरी बसले होते. "तुह्या डिग्रीचा काही उपयोग होऊ दे घराले," बाबा म्हणाले. तर अशी मी माझ्या भावाची मास्तरीण झाले.

आमचा वर्ग दुपारी भरायचा. भादव्यातलं ऊन आमच्याकडे उन्हाळ्यापेक्षा चिकट असतं. रस्त्यावर चिटपाखरू नसे. कुंपणापलीकडच्या वावरात पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, फुलं लागलेली, आणि वारा नसला की ती झाडं उभ्या माणसांसारखी दिसायची. रात्रपाळी करून आलेले बाबा आत झोपलेले, आई ओसरीच्या सावलीत काहीतरी निवडत बसलेली, आणि पुढच्या खोलीत फरशीवर आम्ही दोघं. पुस्तक इंग्रजीत होतं. मराठीत कलनशास्त्र असा भारदस्त शब्द आहे, पण घाटंजीत तो कुणाच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. आम्ही लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन असंच म्हणायचो.

लिमिट त्याला एका दमात कळलं. जवळ जवळ जायचं पण पोचायचं नाही, असं मी म्हटलं तर तो म्हणाला, "हो, तसं असतेच." वर्गातल्या हुशार पोरांना जे समजायला महिना लागतो त्यावर त्याने मान डोलावली. अडायचा तो भलत्याच ठिकाणी.

"आठ साते?"

"सत्तावन."

"छप्पन."

"हो, छप्पन," तो म्हणायचा आणि वहीत सत्तावन लिहायचा.

त्रेचाळीसातून सतरा गेले तर सत्तावीस. तिनाचा वर्ग दहा. डेरिव्हेटिव्ह काढताना घातांकातून एक कमी करायचा असतो, त्याचा घातांक आहे तेवढाच राहायचा. लांबलचक गणितात तर प्रत्येक पायरीला भर पडत जाई आणि उत्तर कुठल्या कुठे निघून गेलेलं असे. शिक्षकांनी इतकी वर्षं ती उत्तरं बघितली, लाल रेघ मारली आणि ढ म्हणून सोडून दिलं. मीही तेच केलं असतं. पण एकदा दुपारी कंटाळा आला म्हणून मी त्याची फक्त छोटी छोटी चुकलेली उत्तरं एकाखाली एक लिहिली आणि शेजारी बरोबर उत्तरं लिहिली. ढ मुलाच्या चुका कशाही असतात. ह्या चुकांना शिस्त होती. झाडून सारी उत्तरं एकाने जास्त होती.

"गजू, तू शेवटी एक का धरतोस?"

त्याने माझ्याकडे बघितलं. अंगात सदरा का घालतोस असं विचारल्यावर माणूस बघेल तसं. "धरा नाही लागत?"

"कुणाचा धरायचा?"

"कोणाचा म्हणजे?" तो जरा विचारात पडला. "मोजून झालं का शेवटचा एक असतेच ना, ताई."

मला एवढा आनंद झाला की त्या वाक्याकडे मी नीट लक्षच दिलं नाही. रोग सापडला होता. मी म्हटलं, शेवटचा धरायचा नाही, बस्स, आणि समोर बेरजा-वजाबाक्यांचं पान टाकलं. तो फार हळू करत गेला. प्रत्येक उत्तराशी थांबायचा, पेन उचलायचा, टेकवायचा. पान संपलं तेव्हा सगळी उत्तरं बरोबर होती. मी आईला हाक मारणार होते. पण गजू सरकत सरकत मागे गेला होता आणि भिंतीला पूर्ण पाठ लावून बसला होता.

"ताई, मागचं दार लावलं का?"

दार लावलेलंच होतं. तरी मी उठून बघून आले.

संध्याकाळी आईने पाच ताटं मांडली. आमची आई ताटं मांडताना चुकणारी बाई नव्हती, तिला डोळे बांधून मांडायला लावली असती तरी चुकली नसती. पाचव्या ताटात भाकर वाढायला ती वाकली तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने ताट उचललं, मोरीत नेलं आणि राखेने घासलं. ते ताट कोरडं होतं, स्वच्छ होतं, त्यात अजून काही वाढलेलं नव्हतं. बाबा रेडिओच्या बातम्या ऐकत होते. गजू आपल्या ताटाकडे बघत होता आणि त्याने त्या दिवशी दोन घासांवर हात धुतला.

दुसऱ्या दिवशी मी तारेवर कपडे वाळत घालत होते तेव्हा आई पाठीमागून आली.

"काल काय शिकवलं त्याले?"

"बेरीज."

"नको शिकवू."

"मग पास कसा होईल तो?"

आईने माझ्या हातातलं बाबांचं धोतर घेतलं, झटकलं, तारेवर टाकलं, कडा जुळवल्या. "तो तिकडून आला ना, तवा एकदा मी त्याले लाडानं म्हटलं, मोज पाहू घरात किती जण. पाच म्हणे. म्हटलं, नाही रे बाबू, चार. तं रडला नाही, काही नाही. माह्या तोंडावर हात ठेवला आन् म्हणे, आई, हळू बोल, त्याले ऐकू जाते."

पुढच्या आयुष्यात मी अशा गोष्टींवरची बरीच पुस्तकं वाचली. एकट्या वाढलेल्या मुलांना न दिसणारे सोबती असतात, आईची धास्ती मुलात उतरते आणि मुलाची आईत, एका घरातली माणसं एकमेकांच्या चुका नकळत उचलतात. सगळं पटण्यासारखं आहे. त्या पुस्तकांच्या लेखकांपैकी कुणी आमच्या तारेखाली उभं नव्हतं एवढीच माझी तक्रार.

बेरजा मी तूर्त बाजूला ठेवल्या आणि डेरिव्हेटिव्हकडे वळले, कारण तिथे आकडे कमी आणि अक्षरं जास्त. शिकवता शिकवता मी सांगितलं की नुसत्या आकड्याचं, म्हणजे स्थिरांकाचं, डेरिव्हेटिव्ह शून्य. पाच असो, पाचशे असो, काढून टाकायचा.

"मंग तो कुठं जाते?"

"कुठे जात नाही. शून्य होतो."

"काहीच नाही उरत?" त्याने पेन खाली ठेवलं. कपाळावर घाम आला होता, पण घाम सगळ्यांनाच येत होता.

मी घाईघाईने पान उलटलं आणि इंटिग्रेशन काढलं. म्हटलं, हे बघ, आता उलटं जायचं. आणि उलटं जाताना प्रत्येक उत्तराच्या शेवटी अधिक सी लिहायचं.

"हे काहून?"

"कारण आधी तिथे काय होतं ते आपल्याला माहीत नसतं. मघाशी शून्य झालं ना ते. काहीतरी होतं, पण किती ते आता कळायला मार्ग नाही. म्हणून त्याची जागा ठेवायची. नाव सी."

गजू हसला. तो हसला हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण त्या घरात त्याला हसताना फार कमी पाहिलं. "तं पुस्तकातही आहे," तो म्हणाला. "आत्या हेच करते."

"काय करते?"

"हेच. शेवटचा."

त्याला याहून जास्त सांगता येईना. पुढच्या रविवारी आम्ही दोघं आत्याकडे गेलो. आईला सांगितलं, मूग आणायला जातो. आई म्हणाली, "जाऊन परत या," आणि 'परत' वर जोर दिला. पांढरकवड्यापर्यंत एसटी, पुढे जीप, जीप सोडल्यावर नाला ओलांडून चालत. दोन्ही बाजूंना सागवान. सागाची पानं एवढी मोठी असतात की एखादं गळून पडलं तरी कुणीतरी पाऊल टाकल्यासारखा आवाज होतो.

आत्या उंच, काटक, दात तंबाखूने काळे झालेली आणि जिभेने तिखट होती. आम्हाला बघून ती खळ्यातूनच ओरडली, "काय वं कुंदे, बीएस्सी झाली म्हणते. आता लगन का बीएड?"

"बीएड."

"बरं हाये. नवऱ्याले नापास करता येत नाही, पोराईले तं येते."

तिने ठेचा आणि भाकर दिली, गुळाचा खडा दिला, गजूच्या पाठीवरून हात फिरवला. भुतंखेतं अंगाखांद्यावर घेऊन बसलेली म्हातारी मला अपेक्षित होती असं नाही, पण एवढी साधी बाईही अपेक्षित नव्हती. मग ती म्हणाली, मूग मोजून घेऊ, गजू आला तं पोतं धराले माणूस झाला.

खळ्यावर उपणून ठेवलेली मुगाची लहानशी रास होती. ऊन डोक्यावर होतं आणि सावल्या पायाखाली गेल्या होत्या. आत्याने लोखंडी पायली घेतली. गजूने पोत्याचं तोंड धरलं. पहिलं माप टाकताना आत्या 'लाभ' म्हणाली. आमच्याकडे धान्य मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, त्यात नवल काही नव्हतं. मग दोन, तीन, चार. तिचा आवाज गाणं म्हटल्यासारखा सपाट. रास संपली. शेवटची पायली पुरती भरावी म्हणून तिने हाताने दाणे लोटून घेतले, टाकले, आकडा म्हटला. खळं रिकामं झालं. शेणाने सारवलेली जमीन लख्ख दिसत होती.

मी उठायला लागले. आत्या वाकली. पायली तिने त्या रिकाम्या जमिनीवरून खरडत नेली, भरलेल्या मापावरून फिरवतात तसा तिच्यावरून हात फिरवला, दोन हातांनी उचलली, जड वस्तू उचलताना कंबर जेवढा जोर लावते तेवढा लावून, आणि पोत्यात उपडी केली. पुढचा आकडा म्हटला.

आणि गजूचे हात खाली गेले. पोत्यात वजन पडल्यावर जातात तेवढेच. मग त्याने पोतं दोनदा आपटून दाणे बसवले.

आत्याचा कुत्रा राशीशेजारी झोपला होता. तो उठला आणि गोठ्याच्या पलीकडे जाऊन बसला.

"आत्या," मी म्हटलं, "आता काय मोजलंस?"

"मूग."

"शेवटचं?"

"तो मूग नाही." तिने दाभण आणि सुतळी गजूपुढे टाकली. तो पोतं शिवायला बसला. "हे वावर माह्या सासूनं केलं. तिच्या सासूनं केलं. त्याच्या आधी कोणाचं होतं? मले नाही मालूम. कोणी तं असन. आपलं आपण मोजतो. त्याचं किती ते कोणाले ठाव? म्हणून रिकामं टाकाचं. पण टाकाचं."

"गावात सगळे टाकतात?"

"कोणी नाही टाकत. ज्याच्या वावरात नाही तो कायले टाकीन?"

"आणि नाही टाकलं तर?"

"एक साल माह्या नवऱ्यानं नाही टाकू देल्लं." तिने तंबाखू मळली, तोंडात टाकली, बराच वेळ कुत्र्याकडे बघितलं. "शिकलेला होता तो बी. चौथी."

मग तिने मला विचारलं, अगदी घरच्या गोष्टी विचारतात तसं, "ऑक्टोबरात नापास झाला का येईनच ना गजू इथं? भाऊ म्हणे तसा. बरं झालं बापा. मले चिंता होती, माह्यामागं कोण टाकीन. याले लहानपणीच लावून ठेवलं हाये."

दाभण थांबलं होतं. गजू मान खाली घालून बसला होता आणि पोत्याच्या तोंडाशी त्याची बोटं पांढरी पडली होती.

आम्ही जीपच्या रस्त्याकडे निघालो. त्याच्या डोक्यावर मुगाची पिशवी होती. नाल्याच्या पाण्यात पाय घालण्याआधी तो थांबला. "ताई, मले नाही याचं इथं राहाले. मले पास कर."

माझ्या भावाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या आधीही नाही, पुढेही नाही.

मी त्याला समजावण्याच्या भानगडीत पडले नाही. असं काही नसतं, हे मी स्वतःला समजावत होते तेवढं पुरे होतं. मी त्याच्याशी व्यवहार केला. म्हटलं, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, ह्यांत शेवटचा धरायचा नाही. ती आपली मोजणी. इंटिग्रेशनमध्ये धरायचा, तिथे त्याची जागा आहे, छापील पुस्तकात आहे, बोर्डाला मान्य आहे.

"आन् बेरजेच्या वक्ती तो कुठं राहीन?"

"सीमध्ये."

त्याने यावर दोन दिवस घेतले. मग स्वतःच एक पद्धत काढली. पान सुरू करायच्या आधी तो कोपऱ्यात एक बारीकसं इंटिग्रेशन करायचा, शेवटी अधिक सी लिहायचा, त्याकडे एकदा बघून घ्यायचा, आणि मग खाली आकडे करायचा. आकडे बरोबर यायला लागले. आठ साते छप्पन झाले. घातांकातला एक जायला लागला. ताटं चार मांडली जात होती. गजू जेवत होता, आणि एकदा तर त्याने आईला म्हटलं की भाजीत मीठ जास्त झालं, तेव्हा आई मोरीत जाऊन रडली. बाबांना वाटलं पोरगं अभ्यासाने सुधारलं आणि ते पुढच्या सत्काराला कुणाला बोलवावं याचा विचार करायला लागले.

एक प्रकरण मात्र मी टाळत आले होते. परीक्षा तोंडावर आली आणि टाळता येईना. निश्चित संकलन, डेफिनिट इंटिग्रल. ते पेपरात हमखास येतं, आणि त्याशिवाय गजूचे पासापुरते मार्क होत नव्हते. पण त्यात खालची आणि वरची हद्द ठरलेली असते, आणि तिथे सी लिहीत नाहीत. शिक्षक सांगतात, लिहू नका, आणि मुलं सुटलो म्हणून लिहीत नाहीत. मी गजूला तसं सांगू शकत नव्हते.

दुपार बाराची. ऑक्टोबरचं ऊन. वावरात कापूस फुटला होता आणि खिडकीतून बघवत नव्हतं इतका पांढरा दिसत होता. मी म्हटलं, हे गणित तुझ्या पद्धतीने कर, सी लिहून. एक्सचं इंटिग्रेशन, एकपासून तीनपर्यंत. त्याने वरची हद्द घातली: नऊ छेद दोन अधिक सी. वजा. खालची घातली: एक छेद दोन अधिक सी. आणि थांबला.

"दोन्ही जागी तोच?"

"तोच."

"मंग काटला जाते."

"हो."

"कोण काटते?"

नियमाने जातो, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "तू."

त्याच वेळी लाइन गेली. घूं थांबली. माठावरचं झाकण थांबलं. ओसरीत आईच्या सुपाचा आवाज चालू होता तो थांबला. आतून बाबांच्या खाटेची करकर ऐकू आली, त्यांचे पाय फरशीवर पडले, धावत गेले. गजू वहीवर वाकला होता. त्याने पहिल्या सीवर रेघ मारली. मग दुसऱ्यावर मारली. पेनाचा आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं.

"आठ छेद दोन," तो म्हणाला. "चार."

लाइन लगेच आली, बहुधा काही सेकंदांतच आली असेल. गजूने वही मिटली, हातपाय ताणले आणि म्हणाला, भूक लागली. तो उठून आईकडे गेला. मी तिथेच बसून राहिले. माझी पाठ खोलीकडे होती, आणि मागचं दार लावलं का, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं.

तो पास झाला. पास व्हायला लागतात तेवढ्या मार्कांनी. बाबांनी पेढे वाटले आणि मांडव घालायला निघाले होते, पण ज्युनिअर इंजिनिअर साहेबांची बदली झाली होती आणि नव्या साहेबांना खुर्च्यांचा नाद नव्हता. आत्या आली. ती आमच्या क्वार्टरमध्ये आल्याचं मला एरवी आठवत नाही. चहा प्यायली, बाबांचं कौतुक ऐकून घेतलं, मग गजूला म्हणाली, "किती जण रे तुम्ही घरात?"

"चार," गजू म्हणाला. पटकन.

आत्याने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ. जाताना चपला घालता घालता ती म्हणाली, "तू शिकवलं ना त्याले? बरं केलं. मोजत जाजो मंग." तिच्या आवाजात राग नव्हता. कुणाकडे तरी गेलं ना, मग झालं, असा तो आवाज होता.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचं वावर दुसऱ्याने घेतलं. तो माल पोत्यांनी बाजारात नेतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजतो. त्याचं काय चाललंय याची चौकशी मी एकदा केली होती. चांगलं चाललंय असं कळलं, आणि हे कळल्यावर मला जे वाटलं त्याला समाधान म्हणता येणार नाही. गजू ऑपरेटर झाला, निवृत्तही झाला. नातवंडांचे हिशेब तोंडी सांगतो. मी हा विषय काढला की हसतो. "माह्याकडचं तं तेव्हाच काटलं ना, ताई," म्हणतो, "दोन्हीकडून." माझ्याकडचं काय, हे तो विचारत नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं. विद्यार्थ्यांमध्ये माझी एका बाबतीत ख्याती होती: इंटिग्रेशनच्या उत्तराला अधिक सी नसेल तर मी ते पूर्ण चूक धरायचे. सहकारी म्हणायचे, अर्धा मार्क काप, एवढी कसली निर्दयता. मी म्हणायचे, शिस्त. अजूनही यवतमाळच्या माझ्या खोलीवर काही मुली शिकवणीला येतात. परवा त्यांतल्या एकीने, दुपारची वेळ होती, वही पुढे केली. उत्तर बरोबर, पायऱ्या बरोबर, सी नाही.

"राहिलंय," मी म्हटलं.

"मॅडम, बाकी तर सगळं बरोबर आहे. एका सीनं काय बिघडते?"

"तुझं काही बिघडत नाही," मी म्हटलं. "लिही."

ती लिहीपर्यंत मी मागे वळून बघितलं नाही.